ऐकायची कविता आणि वाचणारी समीक्षा

कवितेची संहिता म्हणजे कवितेची छापील प्रत, हे गृहीतक आपल्या अध्यापनात व संशोधनात इतके मुरले आहे की त्याला गृहीतक म्हणावे असेही आपल्याला वाटत नाही. संतांची कविता शतकानुशतके कानांनी जपली, शाहिरांची डफावर उभी राहिली, ओवी जात्याबरोबर फिरत राहिली, हे आपण पहिल्या तासाला वर्गात सांगतो आणि दुसऱ्या तासाला पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवतो. या विसंगतीची जाणीव मला एका प्रसंगाने करून दिली. माझ्याकडे पीएच.डी.साठी आलेल्या एका विद्यार्थ्याने आंबेडकरी जलशांच्या आणि भीमगीतांच्या ध्वनिफितींवर संशोधन करण्याचा आराखडा एका विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवला होता. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "यात मूळ साहित्यकृती कोणती?" विद्यार्थ्याने 'ध्वनिफीत' असे उत्तर दिले. त्यावर, ध्वनिफीत ही साहित्यकृती नसून तिचे सादरीकरण आहे, तेव्हा गीतांचे छापील संग्रह अभ्यासाला घ्यावेत आणि ध्वनिफिती परिशिष्टात टाकाव्यात, असा सल्ला मिळाला. सल्ला सद्भावनेचाच होता. मार्गदर्शक म्हणून मी तेथे बसले होते आणि मलाही त्या वेळी नीट उत्तर सुचले नाही, ही गोष्ट मला अधिक टोचली.

उत्तराची दिशा मला नंतर भलत्याच ठिकाणी दिसली. जमैका या कॅरिबियन बेटावरील कवींचे एक संकलन १९८३ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'वर्ड साऊन ॲव पॉवर', आणि उपशीर्षक 'रेगे पोएट्री'. हार्टबीट या अमेरिकी कंपनीने ती काढली. कवी निवडणे, त्यांच्याकडून कविता ध्वनिमुद्रित करून घेणे आणि त्यांना संगीताची साथ लावणे हे काम मुताबारुका या कवीने केले. म्हणजे आपल्याकडे ज्याला प्रातिनिधिक कवितासंग्रहाचा संपादक म्हणतात, तो इथे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसला आहे. या कवितेला 'डब पोएट्री' हे नाव मिळाले आहे. तिचा बहुतेक आशय सामाजिक आहे : बेकारी, उपासमार, पोलिसी जुलूम, परकीय कर्ज, गुलामगिरीचा वारसा. आपल्या समीक्षेच्या परिभाषेत तिच्यावर 'प्रचारकी' हा शिक्का ताबडतोब बसेल. तो बसवण्यापूर्वी ही कविता कशी घडते ते पाहणे इष्ट ठरेल.

'डब' हा शब्द आपल्याला चित्रपटामुळे परिचित आहे, परंतु तेथील अर्थ येथे जवळजवळ उलटा होतो. चित्रपटात डबिंग म्हणजे चित्रावर आवाज चढवणे. जमैकन संगीतात डब म्हणजे गाण्यातून आवाज उतरवणे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टन आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये 'साउंड सिस्टिम' नावाचा प्रकार जोरात होता. मोठमोठे ध्वनिक्षेपक मैदानात लावायचे, रेकॉर्डी वाजवायच्या आणि लोकांनी रात्रभर नाचायचे. असे सांगितले जाते की एका रेकॉर्डीची प्रत काढताना तंत्रज्ञाकडून गायकाचा आवाज घालायचा राहून गेला. ती तशीच वाजवली, तेव्हा समोरची गर्दी स्वतःच गाऊ लागली. हा प्रसंग जसाच्या तसा घडला की सांगताना रंगला, हा प्रश्न बाजूला ठेवू. यातून जे निघाले ते खरे आहे. रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचे शब्द काढलेले रूप देण्याची पद्धत पडली. किंग टबी या नावाने ओळखला जाणारा तंत्रज्ञ (१९४१-१९८९) त्या रूपावर आणखी संस्कार करू लागला. ढोल आणि बास गिटार तेवढे पुढे ठेवायचे, बाकीची वाद्ये मधूनच आणायची नि मधूनच घालवायची, एखाद्या सुराचा प्रतिध्वनी लांबवत न्यायचा. शब्द निघून गेल्यावर जी मोकळी जागा झाली, तिच्यावर रेकॉर्डी लावणारा माणूस ध्वनिक्षेपकातून बोलू लागला. यू-रॉय याने १९७० साली असे बोलणे रेकॉर्डीवर आणले आणि ते अतोनात लोकप्रिय झाले.

कवी या रिकाम्या जागेत आला तो याच्यानंतर. लिंटन क्वेसी जॉन्सन याने प्रथम या रेकॉर्डीवर बोलणाऱ्यांच्या शब्दरचनेसाठी 'डब' कविता ही संज्ञा योजली होती. ओकू ओनुओरा याने १९७९ च्या सुमारास ती स्वतःच्या व आपल्यासारख्या कवींच्या लेखनाला लावली. हा फरक महत्त्वाचा आहे. रेकॉर्डी लावणारा माणूस आधी असलेल्या ठेक्यावर शब्द टाकत असतो, तर डब कवी ठेका शब्दांतच बांधून आणतो. संगीत नसले तरी वाचताना, म्हणताना तो ठेका ऐकू आला पाहिजे, अशी त्यांची स्वतःकडूनच अपेक्षा असते. जॉन्सन याने तर पुढे १९९६ साली कोणत्याही वाद्याविना केवळ आवाजात म्हटलेल्या कवितांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. साथ काढून घेतली तरी लय उरते, हे त्याने अशा रीतीने दाखवून दिले. आपल्या छंदशास्त्राच्या अभ्यासकाला या प्रयोगात रस वाटायला हवा.

ही लय कोणती? रेगेमध्ये ज्याला 'वन ड्रॉप' म्हणतात तो ठेका आपल्या कानाला समजावून सांगायचा तर असे म्हणता येईल : चार मात्रांच्या आवर्तनात समेवर ढोल वाजतच नाही, तो तिसऱ्या मात्रेवर पडतो. सम रिकामी राहते. इंग्रजी कवितेचा पंचगणी चरण कानात घेऊन शाळेत वाढलेल्या माणसाला हे चालणे लंगडे वाटते, आणि गावात वाढलेल्याला ते स्वतःच्या बोलण्यासारखे वाटते. बार्बाडोसचे कवी कामाउ ब्रेथवेट (१९३०-२०२०) यांनी १९८४ च्या 'हिस्टरी ऑफ द व्हॉइस' या पुस्तकात हाच मुद्दा सिद्धान्ताच्या पातळीवर मांडला. कॅरिबियन लोकांच्या बोलीला त्यांनी 'बोली' म्हणण्याचे नाकारून 'राष्ट्रभाषा' या अर्थाची संज्ञा दिली. कारण बोली म्हटले की एक प्रमाण भाषा वर बसते आणि दुसरी खाली. तेथील निसर्गाचा, वादळाचा अनुभव साहेबाच्या चरणात मावत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडील देशीयतेच्या चर्चेशी याचे नाते कोणालाही दिसेल. मात्र आपली चर्चा प्रामुख्याने कादंबरी आणि भाषाशैली यांच्याभोवती फिरत राहिली. ब्रेथवेट यांची चर्चा आवाजाभोवती फिरली. त्यांचे पुस्तक मुळात व्याख्यान होते आणि त्या व्याख्यानात ध्वनिफिती वाजवलेल्या होत्या, ही लहानशी बाब मला फार बोलकी वाटते.

आता ध्वनिमुद्रिकेकडे वळू. तिच्या नावातच एक भूमिका आहे. 'शब्द, नाद आणि शक्ती' ही रास्ताफारी पंथाची त्रयी. हा पंथ जमैकात १९३० नंतर वाढला. शब्द उच्चारला की तो काही तरी घडवतो, म्हणून उच्चारताना जपावे, अशी त्यांची धारणा. इंग्रजीत 'दडपणे' या अर्थी जो 'ऑप्रेस' शब्द आहे त्याच्या प्रारंभी त्यांच्या कानाला 'अप', म्हणजे 'वर', असे ऐकू येते. दडपलेला माणूस वर कसा जाईल, म्हणून ते 'डाउनप्रेस' म्हणतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती चुकीची आहे, हे सांगण्याचा मोह आवरावा. जी भाषा मालकाने दिली तिच्यातील प्रत्येक शब्द संशयाने वाजवून पाहणे, ही येथील कृती आहे. या कवितेचा राजकीय आशय सर्वांत खोलवर भिनलेला आहे तो या कृतीत. घोषणांत तो त्या मानाने उथळ असतो.

संकलनकर्ता मुताबारुका याचा जन्म १९५२ मध्ये किंग्स्टनमध्ये झाला. तांत्रिक शाळेत शिकून त्याने काही काळ टेलिफोन कंपनीत नोकरी केली. संकलनातील कवींपैकी मालाकाय स्मिथ हा पेशाने पोलीस, तर जीन 'बिंटा' ब्रीझ हिचे शिक्षण नाट्यशाळेत झालेले. किंग्स्टनच्या नाट्यशाळेने या चळवळीला जे दिले त्याची नोंद स्वतंत्रपणे व्हायला हवी. मायकेल स्मिथ आणि ब्रीझ हे दोघेही तेथले. श्वास कोठे घ्यायचा, शब्द कोठे तोडायचा, मौन किती लांबवायचे, हे या कवींनी रंगभूमीकडून घेतले. ओनुओराचे शिक्षण तुरुंगात झाले; सत्तरीच्या दशकात दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगताना त्याने लिहिलेल्या कविता बाहेर पोचल्या आणि १९७७ साली तो सुटला. पोलीस आणि कैदी एकाच प्रकारची कविता लिहितात, हे त्या बेटाच्या त्या दशकाविषयी पुष्कळ सांगून जाते.

ते दशक लक्षात घेतल्यावाचून 'सामाजिक संदेश' या शब्दाला वजन येत नाही. जमैका १९६२ साली स्वतंत्र झाला. १९७७ साली मायकेल मॅन्ली यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी पहिला करार केला. त्यातील अटींमुळे भाववाढ झाली, वेतने गोठली, सरकारी खर्चाला कात्री लागली. १९८० ची निवडणूक झाली ती वस्त्यावस्त्यांतील बंदुकांच्या पहाऱ्यात. त्या वर्षीच्या राजकीय हिंसाचारात सुमारे ८०० माणसे मेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या पार्श्वभूमीवर ब्रीझ हिची 'एड ट्रॅव्हल्स विथ अ बॉम्ब' ही संकलनातील कविता ऐकावी. मदत येते ती अटी घेऊन, आणि अटींमागून शस्त्रे येतात, हा तिचा आशय. आशय म्हणून हे एका अग्रलेखात सांगता येईल, आणि त्या काळी अनेकांनी सांगितलेही. मग कवितेत वेगळे काय?

वेगळेपण मला मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगता येते, हे ऐकून काही जणांना हसू येईल. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील संवादलय, विरोधलय आणि समतोललय या तीन संकल्पना आपण परीक्षेसाठी पाठ केल्या आणि कलावादाच्या कपाटात ठेवून दिल्या. या कवितेपुढे त्या पुन्हा बाहेर काढाव्या लागतात. ब्रीझच्या कवितेत बास गिटार आपल्या वाटेने, जवळजवळ सुखावणारी, डोलत जाते. तिच्यावरचा आवाज मात्र सुखावू देत नाही. ठेका शरीराला हो म्हणायला लावतो, शब्द बुद्धीला थांबवतात. हीच विरोधलय. मदत गोड वाटते आणि घात करते, असे कविता नुसते सांगत बसत नाही. ऐकणाऱ्याच्या पायाला जे गोड वाटते आहे त्याविषयी त्याच्याच कानात शंका उत्पन्न करते. छापील पानावर ही विरोधलय निम्मीच राहते, कारण विरोधाचा एक घटक पानावर नसतोच. ध्वनिफीत हे सादरीकरण आणि पान ही साहित्यकृती, असे म्हणणाऱ्याने येथे विचार करावा : निम्मी लय ज्यात आहे त्याला आपण मूळ म्हणतो आहोत.

हेच तत्त्व लावून संकलनाची दुर्बलताही सांगता येते, आणि ती सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रिकेत काही ठिकाणी ठेका आणि शब्द एकाच दिशेने जातात. शब्द घोषणा करतात, ढोल होकार भरतो. अशा वेळी ऐकणाऱ्याचे डोके डोलते आणि विचार झोपतो. कवीला बाजू मांडण्याची गरजच उरत नाही, ते काम तालाने आधीच केलेले असते. सामाजिक आशयाच्या कवितेवर आपल्याकडे आक्षेप घेतला जातो तो आशयाच्या अंगाने. पण येथे फसगत झालेली आहे ती लयीच्या अंगाने, नुसत्या संवादलयीमुळे. बांधिलकीच्या बाजूचे टीकाकार अशा कवितांना आशयासाठी गुण देतात, कलावादी त्याच आशयासाठी गुण कापतात, आणि दोघेही ऐकत नाहीत. आपल्याकडील गेल्या कित्येक वर्षांच्या परिसंवादांत बसून माझे हे मत पक्के झाले आहे.

या संकलनाला एक जोडमुद्रिका आहे. 'डब पोएट्स डब' नावाने त्याच वर्षी त्याच कंपनीने ती काढली. डबच्या रीतीप्रमाणे तीत शब्द जवळजवळ नाहीत. कवितांखालचे संगीत उरले आहे आणि मधूनच एखाद्या शब्दाचा तुकडा प्रतिध्वनीसारखा येऊन विरतो. कवितासंग्रहातून कविता काढून उरलेला भाग स्वतंत्र पुस्तक म्हणून छापावा, असा हा उद्योग. प्रथम मला ती व्यापारी चलाखी वाटली. परंतु आधी पहिली मुद्रिका ऐकून मग दुसरी लावली, तेव्हा जेथे शब्द नव्हते तेथे मला ते आठवत होते, आणि आठवत होते ते नेमके श्वासाच्या जागांसह. कवितेने स्मरणात कोणता आकार घेतला याची याहून चांगली चाचणी मला माहीत नाही. वर्गात आपण रसग्रहण लिहून घेतो. त्याऐवजी असे काही करून पाहावे असे वाटते.

मग छपाईचे काय? डब कवी छपाईच्या विरोधात होते असा समज होऊ नये. जॉन्सन याची 'ड्रेड बीट अँड ब्लड' ही १९७५ साली प्रथम पुस्तक म्हणून आली आणि १९७८ मध्ये तिच्यातून ध्वनिमुद्रिका निघाली. २००२ साली पेंग्विनच्या आधुनिक अभिजात मालेत त्याचे निवडक काव्य प्रसिद्ध झाले. त्या मालेतील तो पहिला कृष्णवर्णीय कवी. छापतानाही त्याने शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले, शाळेच्या शुद्धलेखनाप्रमाणे लिहिले नाहीत. वाचकाला ते पान मोठ्याने वाचल्यावाचून कळत नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ओठ हलवायला लावणारे हे लेखन आहे. आपल्याकडे 'गोलपिठा'तील शब्दांना तळटिपा हव्यात की नकोत, यावर वाद झाले. त्या शब्दांचा उच्चार कोणत्या गल्लीत कसा होतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

याहून अवघड उदाहरण मायकेल स्मिथ याचे आहे. १९५४ साली किंग्स्टनमध्ये जन्मलेला हा कवी या सर्वांत आवाजाने बलवान होता. त्याची 'मी क्यान बिलीव्ह इट' ही ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये निघाली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये स्टोनी हिल येथे सत्ताधारी पक्षाच्या एका मंत्र्याच्या सभेत त्याने मध्येच उठून मंत्र्याला सुनावले. दुसऱ्या दिवशी, १७ ऑगस्टला, त्याला रस्त्यात अडवण्यात आले आणि दगडांनी मारण्यात आले. तो तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. मागे राहिल्या त्या ध्वनिफिती, काही कागद आणि लोकांच्या आठवणी. त्याच्या कवितांचे पुस्तक, 'इट अ कम', १९८६ साली प्रसिद्ध झाले. ते संपादित केले मर्व्हिन मॉरिस यांनी. मॉरिस हे स्वतः कवी आणि वेस्ट इंडीज विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे महाविद्यालयीन धंद्यातले. आवाजातील विराम ओळ तोडून दाखवायचा की जागा सोडून, एकच शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारला असेल तर तो तीनदा सारखाच लिहायचा का, कोणत्या दिवशीचे म्हणणे प्रमाण मानायचे, असे प्रश्न अशा संपादकापुढे उभे राहतात. मॉरिस यांनी या अनुभवावर 'प्रिंटिंग द परफॉर्मन्स' या नावाने लेखही लिहिला. पाठचिकित्सा आपण हस्तलिखितांच्या संदर्भात शिकवतो. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या घालवल्या. ध्वनिफितीची पाठचिकित्सा हीही पाठचिकित्साच आहे, आणि तिची शिस्त कमी कठोर नाही. समितीपुढे मी जे सांगायला हवे होते ते हे.

येथवर मी या कवितेची बाजू घेतली. तिच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र आतूनच आला आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जीन ब्रीझ (१९५६-२०२१) हिने १९९० साली 'डब कवी स्त्री असू शकते का?' या आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. पुरुष डब कवी रंगमंचावर ज्या आवेशाने उभा राहतो तो आवेश बाईच्या देहाला कसा पेलणार, आणि का पेलावा, असा तिचा प्रश्न होता. तिची कविता घरात, गर्भात, प्रेमात शिरू लागली तेव्हा ती फार वैयक्तिक होते आहे, असे तिला ऐकावे लागले. सामाजिक म्हणजे रस्त्यावरचे, हे समीकरण चळवळीनेच घालून दिले होते. पुढे तिने हेही बोलून दाखवले की एकाच रेगे ठेक्यावर सदैव लिहायचे ही कवीला जाचक गोष्ट आहे. साहेबाच्या चरणातून सुटण्यासाठी शोधलेला ठेका पंधरा वर्षांत स्वतःच चरण होऊन बसला. मुक्तछंदाचे आपल्याकडे काय झाले, हे आठवले म्हणजे यात नवल वाटत नाही.

मुताबारुकाने १९८६ साली त्याच कंपनीसाठी 'वुमन टॉक' हे केवळ कवयित्रींचे संकलन सिद्ध केले. पहिल्या संकलनातील उणिवेची ही कबुली होती असे मी मानते, जरी त्याने तसे कोठे म्हटल्याचा माझा दावा नाही. या दुसऱ्या संकलनात लुईझ बेनेट (१९१९-२००६) आहेत, ही मला मोठी गोष्ट वाटते. बेनेट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून जमैकन बोलीत कविता लिहिल्या, म्हटल्या, नभोवाणीवरून ऐकवल्या. आणि दीर्घ काळ त्यांना कवी न म्हणता करमणूक करणाऱ्या बाई म्हटले गेले. बाजारात निघालेल्या, ट्रामची वाट पाहणाऱ्या, सरकारी फर्मानांची टर उडवणाऱ्या बायकांचे बोलणे त्यांनी कवितेत आणले. त्यांना गंभीरपणे वाचावे, असे सांगणारा लेख लिहावा लागला, आणि तो लिहिला होता १९६० नंतरच्या दशकात याच मर्व्हिन मॉरिस यांनी. डब कवितेचा वंश पुरुषांच्या साउंड सिस्टिमपासून सुरू होतो असे पहिली मुद्रिका ऐकून वाटते. दुसरी ऐकली की तो एका विनोदी बाईच्या माजघरातून सुरू होतो.

ब्रीझ हिचीच 'रिडिम रेव्हिंग्ज' ही कविता (१९८८ च्या संग्रहाचे शीर्षकही तेच) या साऱ्या चर्चेचा कस पाहते. खेड्यातून किंग्स्टनला आलेली, घरभाड्यावाचून रस्त्यावर पडलेली एक गर्भवती वेडी बाई बोलते आहे. तिच्या डोक्यात एक रेडिओ आहे, आणि त्यावर कोणी तरी तिला गावाकडे परत जायला सांगणारे गाणे वाजवतो. दवाखान्यात नेऊन तिच्या डोक्यातला रेडिओ काढतात. ती गुपचूप तो परत आत बसवते. या कवितेत घोषणा एकही नाही. ठेकाही येतो तो बाईच्या डोक्यातून, मधूनच, तिच्या बोलण्याला छेदून. सामाजिक संदेश म्हणून तिच्यातून वेगळे काढता येईल असे वाक्य मला सापडले नाही, आणि तरीही किंग्स्टनच्या गरिबीविषयी इतके थेट दुसऱ्या कोणत्या कवितेने मला सांगितले असेही नाही. आवाज ही या बाईची शेवटची मालमत्ता आहे. ती बाहेरून कोणी काढून घेऊ लागला तर ती पुन्हा आत ठेवते.

आपला आणि या कवितेचा संबंध काय, असा प्रश्न येणारच. साधर्म्याच्या याद्या करण्याची आपल्याकडील तौलनिक अभ्यासाची खोड मला नको आहे. जात आणि वर्ण यांची गणिते एक नाहीत, आणि जलशाची परंपरा रेगेपेक्षा फार वेगळ्या मुळांवर उभी आहे. पण काही धागे इतिहासाचेच आहेत. अमेरिकेत १९६६ साली निघालेल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले. त्याच प्रेरणेने लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या संघटनेत किशोरवयीन लिंटन क्वेसी जॉन्सन कविता लिहू लागला. त्या संघटनेत आणि पुढे 'रेस टुडे' या नियतकालिकाच्या गटात त्याचे एक सहकारी होते फारूख धोंडी, जन्माने पुणेकर, 'पूना कंपनी' (१९८०) या कथासंग्रहाचे लेखक. जॉन्सन याची ब्लेअर पीच या शिक्षकावरची कविता आहे. पीच १९७९ साली साउथॉल या पंजाबी वस्तीत वर्णद्वेष्ट्यांच्या सभेविरुद्धच्या निदर्शनात मारला गेला. म्हणजे डब कविता ही आपल्यापासून सातासमुद्रापलीकडची असली तरी आपली माणसे तिच्या श्रोत्यांत आणि प्रसंगी तिच्या विषयांत होती.

फरक आहे तो पुढच्या व्यवहारात. जमैकाच्या कवितेला ध्वनिमुद्रणाची नोंद मिळाली : कोणत्या वर्षी, कोणत्या कंपनीने, कोणाच्या संकलनाने, हे आज सांगता येते. (ती कंपनी अमेरिकी होती, मूळ मालकी कोणाकडे गेली, हा वेगळा आणि कडवट विषय.) आपल्याकडील शाहिरांच्या, गायनपार्ट्यांच्या ध्वनिफिती शेकड्यांनी निघाल्या, जयंतीला, मेळ्यांना, दीक्षाभूमीबाहेरच्या दुकानांत विकल्या गेल्या, त्यांची सूची नाही. अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी आपण छापील वाचतो. अमर शेख यांच्या आवाजाविषयी आठवणी वाचतो. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते पुस्तकांत आहेत, पण एकच गीत वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कंठांतून, वेगवेगळ्या चालींत कसे बदलले, याची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या मराठी विभागात नाही, निदान मला आढळली नाही. अभ्यासक्रमात 'मौखिक परंपरा' नावाचा घटक आहे आणि त्याच्यासाठी नेमलेली सर्व साधने छापील आहेत. विभागात ध्वनिफीत ऐकण्याचे यंत्र मागितले तर ते भाषाप्रयोगशाळेच्या शीर्षाखाली मागावे लागते, आणि भाषाप्रयोगशाळा इंग्रजी विभागाकडे असते.

माझ्या विद्यार्थ्याने समितीच्या सूचनेप्रमाणे आराखडा बदलला. छापील संग्रहांवर त्याचे काम चालू आहे आणि ते तो चांगलेच करील. मूळ आराखड्यासाठी त्याने ज्या घरातून ध्वनिफिती मिळवायच्या ठरवल्या होत्या, त्या घरी गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे गेलो. शाहिराच्या सुनेने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढून दिली. साठ-सत्तर ध्वनिफिती होत्या. निम्म्यांवरची शाई पुसलेली, काहींच्या पट्टीला बुरशी धरलेली. एक लावून पाहिली. सुरुवातीला खरखर, मग डफ, मग कोणी तरी गावाचे नाव आणि तारीख सांगतो आहे असे वाटले; गाव ऐकू आले, तारीख नाही. पेटी त्यांनी आम्हाला नेऊ दिली. ती सध्या विभागातील माझ्या कपाटात आहे, आणि सुटीच्या दिवशी तो मुलगा येऊन एकेक ध्वनिफीत संगणकावर उतरवून घेतो.